भामाबाईची कॅसेट

१

कॅसेट फिरत होती आणि भामाबाई बोलत नव्हती.

प्रा. शामकांत निसळ यांनी टेपरेकॉर्डरचा आवाज वाढवला, मग आणखी वाढवला. नुसती खरखर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मशीनला एक चापट मारली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी न बोलणारा चापट खाल्ली की बोलतो यावरचा त्यांचा विश्वास काही उडाला नव्हता.

"सर, दुसरी बाजू लावून बघा," शुभांगी म्हणाली.

दुसऱ्या बाजूलाही तीच खरखर.

शुभांगी भिंगारदिवे ही निसळसरांच्या हाताखालच्या शेवटच्या दोन विद्यार्थिनींपैकी एक. १८९७ च्या दुष्काळात इंग्रज सरकारने नगर जिल्ह्यात जी कामं काढली, त्यांवर तिचा पीएच.डी.चा प्रबंध होता. श्रीगोंदा तालुक्यातल्या धारेवाडीचं तळं हे असंच एक काम. ते खणलं महारवाड्यातल्या उपाशी माणसांनी. पण गावात कुणालाही विचारा, तळं रावसाहेब पाटलांनी पदरमोड करून बांधलं असंच सांगायचे, आणि सरकारी कागदांतही रावसाहेबांच्या उदारपणाचेच गोडवे. खणणाऱ्यांच्या बाजूने बोलणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे धारेवाडीची भामाबाई ओहोळ. नव्वदीला टेकलेली ही म्हातारी दोन वर्षांपूर्वी शुभांगीच्या टेपरेकॉर्डरसमोर बसली आणि सासऱ्याच्या तोंडून ऐकलेलं सगळं तिने सांगून टाकलं. वर्षभरात ती गेली. मागे राहिली ती ही कॅसेट.

प्रबंधाचं पाचवं प्रकरण या कॅसेटवर उभं होतं. बाहेरच्या परीक्षकांनी कळवलं होतं, की तोंडी परीक्षेच्या वेळी मूळ ध्वनिफीत ऐकवावी, नाहीतर हे प्रकरण कल्पित समजावं लागेल. परीक्षा येत्या शनिवारी होती.

"हिची कॉपी?" सरांनी विचारलं.

"कॉपीवर पुढची मुलाखत घेतली, सर. मूळ आहेच म्हटलं."

यावर सरांना बरंच बोलायचं होतं, पण पोरीचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं. त्यांनी कॅसेट बाहेर काढून खिडकीपाशी नेली. मुलाखत संपली की कॅसेटच्या मागच्या कडेची दोन प्लॅस्टिकची नखं मोडून टाकायची, म्हणजे तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही, ही शिस्त त्यांनीच सगळ्या विद्यार्थ्यांना लावली होती. शुभांगीनेही नखं मोडली होती. तिथे दोन भोकं असायला हवी होती, पण ती पांढऱ्या कशाने तरी बुजवलेली होती. सरांनी नखाने खरवडून पाहिलं, वास घेतला.

"मेणबत्तीचं मेण," ते म्हणाले. "हे चुकून झालेलं नाही, शुभांगी. भामाबाईला कुणीतरी मुद्दाम गप्प केलंय."

२

"मागच्या रविवारपर्यंत ती बोलत होती," शुभांगी म्हणाली.

त्या रविवारी तिने कॅसेट धारेवाडीला नेली होती. ज्याने माहिती दिली त्याच्या घरी ती परत ऐकवायची, हीसुद्धा सरांचीच शिकवण. भामाबाई तर राहिली नव्हती, म्हणून तिचा मुलगा सहादू याला तिने आईचा आवाज ऐकवला. मग दुपारचं बांधावर जाऊन आली, संध्याकाळच्या एस.टी.ने नगरला परतली आणि सोमवारी कॅसेट सरांच्या अभ्यासिकेतल्या कपाटात ठेवली. आज पुन्हा सोमवार.

"या आठवड्यात कपाटाला कोणाकोणाचा हात लागला?"

सरांनी घसा खाकरला. "लीना रोज इथेच बसते. आणि... गोरक्षनाथाने दोन दिवसांसाठी नेली होती."

गोरक्षनाथ म्हणजे रावसाहेब पाटलांचा पणतू, साखर कारखान्याचा संचालक. यंदा तळ्याला शंभर वर्षं होत होती आणि शताब्दी समितीचा अध्यक्ष तोच होता. पणजोबांच्या नावाची शिला बांधावर बसवायचं त्याने ठरवलं होतं.

"तुम्ही ती त्याला दिलीत? मला न विचारता?"

"अगं, तूच ती शताब्दीच्या दिवशी बांधावर कर्णा लावून गावाला ऐकवणार होतीस ना? मग त्याने चार दिवस आधी ऐकली तर काय बिघडलं?"

"काय बिघडलं ते दिसतंच आहे, सर."

निसळसर ओशाळले. पण ओशाळून गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "तर संशयित दोन. एक लीना, एक गोरक्षनाथ."

"तीन," शुभांगी हळूच म्हणाली. "त्या शिलेचं अनावरण तुमच्याच हस्ते आहे. पत्रिकेत नाव वाचलं मी."

खिडकीबाहेर रिक्षा फटफटत गेली. सरांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे पुरावे तपासले होते. आपणच कुणाच्या पुराव्यात बसू शकतो, हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्यांना राग यायला हवा होता, पण नुसतं वाईट वाटलं.

"शनिवारच्या आत चोर तुझ्यासमोर उभा करतो," ते म्हणाले.

३

लीना टोकेकर ही सरांची दुसरी विद्यार्थिनी. विषय तोच, काळ तोच, निष्कर्ष मात्र उलटा. कलेक्टर कचेरीतली दप्तरं उपसून तिने सिद्ध केलं होतं, की धारेवाडीच्या तळ्याला रावसाहेबांनी खरोखरच मोठी वर्गणी दिली होती. भामाबाई खरी ठरली तर लीनाचा प्रबंध लंगडा पडणार, हे अभ्यासिकेतल्या पालीलाही ठाऊक होतं.

सरांनी आडवळण न घेता विचारलं. लीनाने पेन खाली ठेवलं.

"मी कशाला पुसू, सर? शुभांगीची म्हातारी बोलली असती तर मला तिच्याशी भांडता आलं असतं. आता लोक म्हणणार, लीना जिंकली. असलं जिंकणं मला नको."

"गेल्या बुधवारी दिवे गेले तेव्हा तू मेणबत्ती लावली होतीस."

"नगरमध्ये दिवे गेल्यावर कोण लावत नाही?" ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "सर, एक सांगू? तुम्ही सारखं पुसली म्हणताय. या मशीनला नुसतं पुसायचं बटण कुठे आहे? याला माइक आतच आहे. ज्याने हे केलं, त्याने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि तो गप्प बसून राहिला. त्याने शांतता रेकॉर्ड केलीय. आणि ती रेकॉर्ड व्हायला तेवढाच वेळ लागतो, जेवढा म्हातारीला बोलायला लागला होता."

सर तिच्याकडे बघतच राहिले.

"म्हणजे कॅसेट कोरी नाही. माणूस गप्प बसला तरी आजूबाजूचं जग कुठे गप्प बसतं?" लीनाने भिंतीकडे बोट दाखवलं. "तुमचं हे घड्याळ अर्ध्या अर्ध्या तासाला ठणाणा करतं. इथे पुसली असेल तर त्याचे टोल टेपवर असतीलच. ऐका."

सरांनी आवाज पूर्ण चढवून कॅसेट लावली आणि स्पीकरला कान टेकवला. एका बाजूचं पाऊण तास ऐकून झालं. टोल एकही नव्हता.

म्हणजे हे काम या खोलीत झालं नव्हतं. लीना सुटली. आणि सरही सुटले, पण हे जिला पटवायचं होतं ती दुसरीच होती. त्यांनी शुभांगीला बोलावणं धाडलं.

४

आता तिघं मशीनभोवती बसले. खरखर सवयीची झाली तशी तिच्या मागून एकेक गोष्ट वर येऊ लागली. कोंबड्या. लांबवर कुत्रं. मग एक करकर, पाठोपाठ ठक्. करकर, ठक्. थोडा वेळ ते चाललं आणि थांबलं. आणि अगदी दूरवर, पाण्याखालून यावा तसा, एक लांबलचक आवाज.

"भोंगा," लीना म्हणाली. "कारखान्याचा."

"साखर कारखान्याचा. हंगाम चालू आहे," सर ताडकन उठले. नगर शहरात असा भोंगा कुठून ऐकू येणार? हे काम श्रीगोंद्याकडचं. "सापडला. दोन दिवस कॅसेट कुणाकडे होती? कारखान्याच्या दारात कुणाचा बंगला आहे? सांग शुभांगी, अजून तुझा तिसरा संशयित तुला हवाय का?"

शुभांगीने पुढे वाकून टेप बंद केला.

"सर, राहू द्या आता."

"म्हणजे?"

"शनिवारी सांगेन मी काहीतरी परीक्षकांना. तुम्ही कुणाकडे जाऊ नका."

सरांच्या मनाला ते फार लागलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण चांदणं नसलेल्या माणसाकडेही कुणी असं बघू लागलं, की त्याला अंधार बरा वाटतो. आपलं नाव बाहेर येऊ नये म्हणून ही पोर आपल्याला पाठीशी घालतेय, अशी त्यांनी समजूत करून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी छत्री घेतली आणि श्रीगोंद्याची एस.टी. पकडली.

५

गोरक्षनाथाने त्यांना व्हरांड्यात बसवून चहा मागवला. खादीचा कडक सदरा, बोलणं सावकाश. सरांनी सगळं ऐकवलं. मेण, शांतता, भोंगा. शेवटी ते म्हणाले, "पणजोबांची अब्रू वाचवायची होती, हे मी समजू शकतो. पण एका मेलेल्या बाईचा आवाज..."

"सर, तुमची कॅसेट मी मागच्या मंगळवारी लावली," गोरक्षनाथ म्हणाला. "रिकामी हुती. मला वाटलं, तुमी मुद्दाम रिकामी दिली, झाकली मूठ म्हनून. गप बसलो. माझ्या फायद्याचंच हुतं."

"हे मी खरं का मानावं?"

गोरक्षनाथाने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "जरा थांबा. पाळी बदलायची वेळ झालीय."

आणि भोंगा झाला. व्हरांड्याचं पत्र्याचं छप्पर थरथरलं, बशीत कप वाजू लागला, सरांनी नकळत दोन्ही कान झाकले. तो संपल्यावरही कानात तो वाजतच राहिला.

"तुमच्या टेपवर असाच हुता का?" गोरक्षनाथाने विचारलं.

सरांनी मान हलवली. टेपवरचा भोंगा कोसभर लांबचा होता.

"अन सर, मी पुसायची गरजच काय?" त्याच्या आवाजात चीड नव्हती, उलट समजूत घालण्याचा सूर होता. "तुमचे प्रबंध वाचतंय कोन? चार परीक्षक, अन वाळवी. मी दगड लावनार बांधावर. येनारा जानारा, शाळंतली पोरं, समदी तो दगड वाचनार. ती म्हातारी कर्ण्यावर बोलली असती तर लोक म्हनले असते, लई वय झालं हुतं बिचारीचं. कार्यक्रम संपला की इसरले असते."

चाळीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला, ज्याच्या हातात दगड आहे त्याला पुरावा पुसण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत, हे असं चहासोबत ऐकावं लागलं. त्यांनी कप खाली ठेवला.

मात्र डोकं चालू होतं. कॅसेट मंगळवारीच रिकामी होती. सोमवारपासून ती त्यांच्या कपाटात होती, आणि तिथे ती पुसलेली नव्हती. म्हणजे सोमवारी कपाटात शिरली तीच मुकी होऊन. उरला रविवार.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशी गत झाली होती. पण हा कळसा सापडू नये असंच आता त्यांना वाटायला लागलं. तरी ते नाक्यावर गेले आणि धारेवाडीला जाणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसले.

६

वस्तीच्या तोंडाशीच त्यांनी तो आवाज ऐकला. करकर, ठक्. करकर, ठक्.

हापसा होता. एक साठीचा माणूस दांडा खालीवर करत होता. दांड्याची खीळ सैल झाली होती, त्यामुळे प्रत्येक वेळी तो खाली येताना ठक् वाजायचा. असा आवाज करणारा हापसा पंचक्रोशीत दुसरा नसणार.

"कुनाकडं आलाय?" त्या माणसाने विचारलं.

"सहादू ओहोळ."

"ह्ये काय, हितंच. मी आसाराम. त्याचा चुलत भाऊ. चला." त्याने घागर खांद्यावर घेतली. दोन घरं एकमेकांना चिकटून होती, मधे एकच भिंत. "नाना, नगरचं सर आल्यात. बसा, मी च्या घिऊन येतो."

सहादू उंबऱ्याच्या आत घोंगडीवर बसला होता. गुडघ्याला फडकं बांधलेलं. समोरच्या फळीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी भामाबाईचा फोटो. फळीवर रोज मेणबत्ती लावल्याने मेणाचे ओघळ गोठले होते. सरांची नजर तिथे गेली, तिथून सहादूकडे गेली, आणि सहादूने मान खाली घातली.

सरांना पाचवं प्रकरण आठवलं. भामाबाईने सासऱ्याचं, राणबाचं, सांगितलं होतं. दुष्काळी कामावर माणसांच्या टोळ्या असायच्या आणि प्रत्येक टोळीवर त्यांच्यातलाच एक मुकादम. खणलेली माती तो मापाच्या गजाने मोजायचा. काम कमी भरलं की सरकार सगळ्या टोळीची मजुरी कापायचं. राणबा असा मुकादम होता. सत्ता कशी गरिबाच्या हातूनच गरिबाला मोजते, हे शुभांगीने तिथे फार छान मांडलं होतं. सरांनी समासात लिहिलं होतं, 'उत्तम! हाच प्रबंधाचा कणा.' घोंगडीवर बसलेल्या त्या राणबाच्या नातवाला हे ऐकून काय वाटेल, हा विचार त्यांना शिवला नव्हता. शुभांगीलाही नाही. सत्य बाहेर आलं की वरचे दुखावतात, एवढंच दोघांनी धरून ठेवलं होतं.

"मीच केलं, साहेब," सहादू म्हणाला. सरांनी अजून काहीही विचारलं नव्हतं.

"त्या दुपारी?"

"व्हय. बाई आसारामासंगं बांधावर गेल्या. टेप हितंच ठिवला हुता. गाण्याच्या टेपा मी लई भरल्यात, मेन लावलं की भरती, ठावं हुतं." त्याने गुडघ्यावरचं फडकं सारखं केलं. "आयचा आवाज सुरू झाला तवा लई बरं वाटलं. मंग ती आज्याचं सांगाया लागली. आज्या गज लावायचा, कमी भरलं म्हनायचा. आपली भाकर जाईल म्हनून भ्यायचा. त्याच्या टोळीत त्याच्याच सख्ख्या भावाची बायकू हुती. मजुरी कापली, तशी ती अन तिची दोन लेकरं उपाशी तळ्याच्या कडंलाच गेली. तिसरं वाचलं, ते आज्यानं वाढवलं. ते म्हंजी ह्या आसारामाचा बाप."

भिंतीपलीकडे स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला. सहादूने आवाज खाली आणला.

"जलमल्यापास्नं ह्या भितीला पाठ लावून बसलोय आमी दोघं. आय गेली तवा पुढचा खांदा त्यानं दिला. त्याला यातलं काई ठावं न्हाई. मला बी न्हवतं."

"तुम्ही शुभांगीला सांगायला हवं होतं."

"काय सांगू? बाई म्हनल्या, नाना, तुमच्या आज्याचं नाव इतिहासात येनार. म्हनल्या, कर्न्यावर लावू, समद्या गावाला ऐकवू. लई खुशीत हुत्या. ती आमचीच पोर हाय, साहेब. आमच्यावर अन्याव झाला त्ये सांगतीया. खरंच झाला. पन गज आमच्या हातात हुता, त्ये बी खरंच. हे दोन्ही एका तोंडानं कसं सांगायचं, मला उमगलं न्हाई. म्हनून बटन दाबलं. टेप फिरत हुता तवर खोकला बी दाबून बसलो, आयच्या फोटूकडं बघत."

आसाराम दोन कप घेऊन आत आला. "काय इचार चाललाय?"

सहादूने सरांकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाने असं कुणाकडे बघू नये, असं ते बघणं होतं.

"तळ्याचं बोलत होतो," सर म्हणाले. "यंदा पाणी किती आहे, ते."

७

"त्या हापशावर मी पाणी ओढलंय, सर," शुभांगी म्हणाली. "टेपवर ऐकलं आणि तिथेच कळलं. फक्त का, ते कळत नव्हतं."

सरांनी सांगितलं. ती ऐकत होती आणि ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. चोर शनिवारच्या आत सापडला होता, आणि त्याचं करायचं काय हे दोघांनाही कळत नव्हतं.

"त्या ओळी लिहिल्या तेव्हा मला फार आनंद झाला होता," ती म्हणाली. "आणि त्याच दिवसांत मी आसारामभाऊंच्या घरी जेवलेही होते."

काहीतरी करायचं म्हणून सरांनी कॅसेटची दुसरी बाजू लावली. ही बाजू शेवटपर्यंत कुणी ऐकलीच नव्हती, रिकामी कॅसेट कोण ऐकत बसतं? खरखर, कोंबड्या, हापसा. मग अचानक बटणाचा खट्ट आवाज झाला आणि भामाबाई बोलली.

"...झालं का गं? कर बंद. अन ऐक, बाई. आता सांगितलं त्ये सादूला ठावं न्हाई. मी न्हाई सांगितलं कवाच. आसारामाच्या घरी तर कळूच नगं. तू शानी हायेस. लिवायचं त्ये लिव, पन सादूच्या कानावर जाऊ देऊ नगंस. त्याला सोसायचं न्हाई."

आणि मग दोन वर्षांपूर्वीच्या शुभांगीचा घाईतला आवाज, "हो आजी, हो. चला, चहा घेऊ."

टेप संपला.

मुलाखत संपून निरोपाचं बोलणं सुरू झालं, की पेनला टोपण लावायचं. हीच पद्धत. चहापाणी, येते-जाते, हे कोण उतरवून घेतं? शुभांगीनेही घेतलं नव्हतं. धारेवाडीला कॅसेट ऐकवताना तिची उतरवलेली पानं संपली तिथे तिने टेप थांबवला होता. आजीला दिलेला शब्द तिच्या स्मरणातूनच गेला होता.

"हा आवाज तर उरलाय," सर अधीरपणे म्हणाले. "परीक्षकांना एवढाच ऐकव. मुलाखत झाली होती, बाई खरी होती, हे सिद्ध होतं. प्रकरण वाचेल."

"आणि ते ऐकतील काय, सर?"

सरांनी हात मशीनवरून काढून घेतला. एका म्हातारीने घातलेली अट, आणि ती मोडलेली. कुणी पुसलं हा पुढचा प्रश्न येणार, मग सहादूचं नाव, मग आसाराम. पुरावा समोर होता, शंभर नंबरी, आणि तो हातात धरता येत नव्हता.

शनिवारी परीक्षा झाली. परीक्षक सज्जन होते. त्यांनी मूळ ध्वनिफीत मागितली तेव्हा शुभांगी म्हणाली, "माझ्या निष्काळजीपणामुळे ती खराब झाली." त्यांनी सरांकडे पाहिलं. मार्गदर्शक या नात्याने सरांना बोलता आलं असतं. ते समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत बसले. पाचवं प्रकरण वगळून पदवी द्यावी अशी शिफारस झाली. शेऱ्यात लिहिलं गेलं, की धारेवाडीच्या तळ्याबाबत उपलब्ध साधनांवरून रावसाहेबांच्या देणगीखेरीज अन्य काही सिद्ध होत नाही. सरांनी त्याखाली सही केली. धारेवाडीचं निमंत्रण त्यांनी आदल्या दिवशीच प्रकृतीचं कारण देऊन नाकारलं होतं. गोरक्षनाथाने त्यांच्या जागी एक आमदार गाठला होता.

सर आणि शुभांगी बाहेर आले तर सहादू व्हरांड्यातल्या बाकावर बसला होता. धुतलेलं धोतर, गुडघ्याला तेच फडकं. शुभांगीला पाहून तो उठू लागला. तिने त्याला हाताला धरून बसवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"पास झाल्या का, बाई?"

"झाले, नाना."

"मी तुमचं वाटूळं केलं."

"नाही. मीच विसरले होते." काय विसरले, ते तिने सांगितलं नाही.

सहादू थोडा वेळ हातातली पिशवी चाचपत राहिला. मग म्हणाला, "एक इचारायचं हुतं. म्हनून आलो. तुमी बांधावरनं परत आल्याची चाहूल लागली, तवा मी घाईनं बटन बंद केलं हुतं. शेवटाला आयचं काई ऱ्हायलं आसंल का त्यात? एखादा सबुद का असंना. घरात आता तिचा आवाज कुठंच न्हाई. असंल तर ऐकवा. मी कुनाला सांगनार न्हाई."

कॅसेट शुभांगीच्या पिशवीतच होती. पिशवी तिच्या मांडीवर होती आणि तिचा हात पिशवीवर. निसळसर उभे होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं असतं तर काय सांगावं हे त्यांना सुचलं नसतं. पण तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"नाही, नाना," ती म्हणाली. "काहीच राहिलं नाही."

"व्हय," सहादू म्हणाला. "मीच पुसलं, तर ऱ्हाईल कुठनं?" मग त्याने सरांना श्रीगोंद्याची गाडी कुठून सुटते ते विचारलं. सरांनी त्याला माळीवाडा स्टँडचा रस्ता सांगितला, आणि तो नीट समजला नाही असं वाटून पुन्हा एकदा सांगितला.